मागच्या अंगणातली चार झाकणे

मी, खाली सही करणारी, वय एक्क्याऐंशी, ड्रायक्लीनिंगच्या दुकानाची पूर्वीची मालकीण, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही करायला ते लागत नाहीत. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व खालचे बंद दुकान थोरल्या मुलीला. अट एकच: मागच्या अंगणातल्या चार लोखंडी झाकणांवर फरशी घालू नये. त्यांखालच्या नळ्यांतले पाणी तपासायला येणाऱ्या बाईंना वर्षातून दोनदा वाट द्यावी व चहा विचारावा.

झाकणे कशाची, हे नातवंडांना कळावे. मशीनमधले वापरलेले केमिकल आम्ही नवराबायको बावीस वर्षे मागच्या मोरीत ओतत होतो. "उडून जातं हो ते," मशीन विकणारा म्हणाला होता. उडाले थोडे, मुरले फार. आमचे हे गेले, त्याच्या पुढच्या वर्षी समोरच्या शिंपीणबाई पाणी घेऊन आल्या. "वहिनी, आमच्या बोअरला कसला वास येतोय, बघा ना." मी वास घेतला. तो वास बावीस वर्षे माझ्या पदराला होता. त्यांच्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता, आणि ती तेच पाणी पीत होती.

२. दुकानाची पाटी धाकट्या दिरांना. "माहीत नाही म्हणून सांगा, कोण सिद्ध करतंय?" असे ते म्हणाले होते. दुसऱ्याच दिवशी बोअरची तपासणी करायला आलेल्या सरकारी बाईंना मी मोरीपाशी नेले आणि बोट दाखवले. "इथे. रोज." दुकान बंद झाले, दिरांनी बोलणे टाकले. पाटीवर त्यांचेही नाव आहे. निवांत वाचत बसावे.

३. वाफेची इस्त्री आमच्या इस्त्रीवाल्या काकांना. माझ्यामुळे त्यांचे काम सुटले, तरी अंगण खणताना रोज येऊन उभे राहिले ते तेच.

दूषित माती उचलून नेली. खालचे पाणी उपसून त्यात हवा सोडायची, मग कोळशातून गाळायचे, असे चौदा वर्षे चालले. गल्लीने पंपाची घरघर सोसली, पण मला घालवून दिले नाही. शिंपीणबाई दोन वर्षे बोलल्या नाहीत, ते बरोबरच होते. मग एका दुपारी दारात आल्या.

"या पंपापायी डोळा लागत नाही. तुमचा लागतो?"

"नाही हो."

"मग चला, पायरीवर बसू."

त्यांची नात सुखरूप जन्मली. गेल्या वर्षी पाणी पिण्याजोगे झाल्याचा कागद आला, तेव्हा ती बोअरखाली ओंजळ धरून पाणी प्यायली. आम्ही दोघी नुसत्या बघत होतो. याहून अधिक मला काही मागायचे नाही.

४. बँकेत असेल ते दोन्ही मुलींना सारखे. भांडू नये.

५. दुकानातले मोठे टेबल शिंपीणबाईंना द्यायचे ठरवले होते. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीदार होता येणार नाही." शिंपीणबाईंनी चष्मा पुसला. "टेबल राहू द्या. सही मी करते."

म्हणून टेबल धाकट्या मुलीला.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. समोरच्या शिंपीणबाई (सही) २. कोपऱ्यावरचे डॉक्टर (सही)
स्थळ: आमच्या दुकानाची पुढची खोली
दिनांक: अकरा फेब्रुवारी, बुधवार, सकाळ