बाबांचं शाउश्पीलहाउस

स्प्रिंगफील्ड लेक्स, ब्रिस्बेन
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल असं लिहिणार होते, पण बाबांना जाऊन आठच दिवस झालेत, बरे कसे असाल! आईला दोन घास खायला लाव. इकडे ठीक. नचिकेतच्या शिफ्टा चालू आहेत. मीही ऑफिसला जाते, डबे भरते, कपडे वाळत घालते. ओजस सारखा विचारतो, "मम, आर यू सॅड?" मी म्हणते, "नो वरीज, बाळा."

तेराव्याला बाबांच्या विद्यार्थ्यांसमोर वाचायला तू चार ओळी मागितल्यास, त्या घे. जर्मनच्या पहिल्या तासाला बाबा नाट्यगृहासाठीचा शब्द फळ्यावर लिहायचे, शाउश्पीलहाउस. शाउ म्हणजे बघणं, श्पील म्हणजे खेळ, हाउस म्हणजे घर. "बघा, आपल्यासारखाच त्यांचाही नाटकाचा खेळच असतो!" पत्त्यांचा डाव असो की फुटबॉल, सगळं श्पीलच. थिएटर हा शब्द तर ग्रीकांकडून आलेला, त्याच्याही मुळाशी बघणंच. आणि घरात कोणी भोकाड पसरलं की, "थिएटर नको!" जर्मन माणसं तमाशा करणाऱ्याला असंच दटावतात म्हणे. मी अजून एकदाही रडलेली नाही.

आता पुढचं वाचून दाखवू नकोस.

बाबा गेले त्या शनिवारी इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाआधी मेधाताईने, आमच्या दिग्दर्शिकेने, नेहमीसारखे सगळ्यांचे फोन स्टीलच्या डब्यात गोळा केले. खेळ संपेपर्यंत डबा उघडायचा नाही, हा तिचा नियम. "फोन डब्यात होता, मयूराला कळणार कसं?" असं तूच सगळ्यांना सांगतोयस.

दादा, मला कळलं होतं. डबा माझ्यापुढे आला तेव्हाच तुझा मेसेज आला. 'बाबा शुद्धीवर आलेत. तुझा आवाज ऐकायचाय म्हणतात. लगेच फोन कर.' उघडला नाही, नोटिफिकेशनमध्येच वाचला, म्हणून तुला निळी खूण दिसली नाही. दोन घंटा होऊन गेल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली होती. म्हटलं, दोन तासांनी करू. फोन बंद करून डब्यात टाकला. टाळ्याही मेल्या खूप पडल्या.

आईला सांगायची हिंमत नाही. तुला सांगितलं. वाईट वाटतंय की नाही तेही कळत नाही, नुसते हातपाय हलतायत.

तिकीट काढलेलं नाही. ही मेल वाचूनही 'ये' म्हणालास, तर गुरुवारी तेराव्याच्या आत पोचते. नाही म्हणालास तर का म्हणून विचारणार नाही.

अजून तुझीच समजत असलास तर,
मयूरा