चाकामागचा लहान दगड

सावरगाव काठ, पांढुर्णा
१८ ऑगस्ट १९८४

ती. बाबांस,
वत्सलाचा शि. सा. न. वि. वि.

आमची फिरत्या दवाखान्याची गाडी गोटमारीसाठी नदीकाठी लागली आहे. जागा इतकी उतरती, की पातेलं स्टोवरून घसरतं आणि झोपेत मी यांच्या अंगावर जाते. हसू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं काठांवरून एकमेकांवर दगड फेकतील, आणि फुटलेली डोकी याच गाडीत शिवायची आहेत. टेबल तिरपं राहिलं तर सुई डोळ्यात जाईल. गेल्या साली एकाची कवटी माझ्या बोटांखाली मऊ लागली होती. तुमचा जन्म बस चालवण्यात गेला, तेव्हा गाडी सपाट कशी लावायची ते यांना नीट कळवा.

माया आहे तशीच असू द्या.
वत्सला

सौंसर
२१ ऑगस्ट

चि. सौ. वत्सलास अनेक आशीर्वाद.

हेमंतरावांना सांग, गाडीचं तोंड चढाकडे ठेवा. आत पाण्याची थाळी ठेवून पाहा. पाणी ज्या काठाला जाईल त्या बाजूची चाकं फळ्यांवर चढवा. जॅक फक्त उचलायला, त्याच्यावर गाडी उभी ठेवायची नाही. मग प्रत्येक चाकामागे मोठा दगड, आणि फटीत लहान दगड हातोडीनं ठोकून बसवा. नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावरचे ड्रायव्हर मी स्मशानात पोचवले आहेत.

मीही येतो. सावरगाव माझं गाव असलं तरी पंधरा वर्षांत मी गोटमारीत दगड उचललेला नाही. काळजी करू नको.

म्हाताऱ्याची आठवण ठेवावी.
बाबा

नागपूर, दवाखान्यातून
३० ऑगस्ट

ती. बाबांस शि. सा. न.

तुम्ही न भेटताच गेलात, म्हणून ठाऊक नसेल. अकरा माणसं शिवून झाली होती, टेबल अगदी सपाट होतं. हे मागच्या दारातून बाराव्याला वर घेत असताना गाडी एकाएकी मागे आली. यांचा पाय चाकाखाली गेला. हाड मोडल्याचं मला आत ऐकू आलं. काल पाय गुडघ्याखाली कापला.

चाकामागचा लहान दगड कुणीतरी फेकायला काढून नेला. सापडला तर त्याचं डोकं मी फोडीन आणि शिवणार नाही. हे मात्र म्हणून राहिले, की मीच बरोबर ठोकला नसंन. पुढच्या आठवड्यात आमचा दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे लोक तशा जबाबावर यांची सही घेणार. मग नोकरी जाईल, आणि आमचं घर म्हणजे ती गाडीच. बाबा, मला काही सुचत नाही.

लवकर या, एवढंच.
वत्सला

सौंसर
२ सप्टेंबर

चि. वत्सले,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

हेमंतरावांना सही करू देऊ नको. दगड त्यांनी पक्का बसवला होता. मला तो दोन्ही हातांनी हलवून काढावा लागला.

मी तुम्हाला भेटायलाच आलो होतो. गाडीपाशी पोचलो तोच पलीकडून आलेला दगड माझ्या लहानपणच्या दोस्ताच्या, गुलाबच्या, तोंडावर बसला. त्याचे दात माझ्या सदऱ्यावर उडाले. माझं डोकं फिरलं. काठावरचे दगड लोकांनी वेचून संपवले होते. हात चाकाशी गेला. काय काढतो आहे ते मला कळत होतं. मोठा दगड धरून राहील असं वाटलं.

ठाण्यात आणि संस्थेत मी काल हे सगळं लिहून दिलं. एक गोष्ट तेवढी तिथं लिहिली नाही. माझा नेम लागला, समोरचा माणूस पाण्यात पडला, तेव्हा मी आनंदानं ओरडलो. हेमंतरावांची किंकाळी मला त्यानंतर ऐकू आली, आणि मी पळालो.

माया ठेव, असं लिहीत नाही.
यशवंत