पगार वाढला त्या महिन्यात

आई, आज सकाळी बोईसरच्या माझ्या छोट्या कारखान्यातल्या बायकांना मी सांगितलं, सरकारनं किमान वेतन वाढवलंय, पुढच्या पगारापासून तुम्हाला मिळेल. एकही हसली नाही. मला तू आठवलीस.

तारापूरच्या त्या सुताच्या कारखान्यात आपण दोघी शेजारशेजारच्या मशीनवर रिळं भरायचो. शेटनं असंच सगळ्यांना बाहेर बोलावून वाढ जाहीर केली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. तू नाही. दांडीला, आपल्या गावी, परत येताना म्हणालीस, "इतक्या खुशीनं देतोय, म्हंजे कुटून तरी काडून घेनार."

वाढ मिळाली, अगदी कायद्याप्रमाणे. मग गावातून आपल्याला आणणारा टेम्पो बंद झाला. पाळीत भरायची रिळं वाढली. आणि एका सोमवारी शेजारच्या काकूला फाटकावरूनच परत पाठवलं, हात हळू चालतो म्हणून. तिचा नवरा समुद्रात गेला तो आलाच नाही. घर तिच्या पगारावरच चालायचं.

तू मशीन बंद करतेस आणि सरळ शेटसमोर जाऊन उभी राहतेस. मी तुझ्या मागे.

"काकूला काडायचं होतं तर वाढ कशाला दिली?"

"तुला युनियनवाल्यांनी पाठवलं काय?" शेट विचारतो. "माल घेणारा व्यापारी मला दर वाढवून देत नाही, बाई. मी कुठून आणू?"

"मंग हे त्या दिवशीच का नाय सांगितलं? तिची कमी पडतील ती रिळं आमी भरतो. तिला आत घ्या."

यात तुझा काय डाव असेल, हेच तो शोधत असावा. दुसऱ्या दिवशी काकू आत आली. जेवणाच्या सुट्टीत आपण सगळ्या तिची रिळं भरायचो. पुढे दोनेक वर्षांनी शेटनं कारखाना वापीला हलवला, तेव्हा तू म्हणालीस, "बगितलंस? सगळं आदीच ठरलेलं होतं." शेवटपर्यंत तू तेच म्हणत राहिलीस.

तेव्हा मला ते पटलं होतं. आता माझा व्यापारीही दर वाढवायला तयार नाही, आणि वाटतं, शेट कदाचित खरंच बोलत असेल. मग वाटतं, खरं असलं तरी खर्च कमी करायला काकूच का? स्वतःची मोटार का नाही विकली? इथवर येऊन मी थांबते, कारण पुढचा प्रश्न माझ्यावरच येतो.

पाठवायची सोय असती तरी हे पत्र मी तुला पाठवलं नसतं. कुणाकडून तरी वाचून घेऊन तू मला 'शेट' म्हणाली असतीस, याची भीती वाटते.