निळ्या वहीतलं कारण

घणसोली, मंगळवार

तीर्थस्वरूप नाना यांना केयूरचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. सईचा बसलेला आवाज परत आला आहे आणि पहिलं वाक्य मलाच ऐकावं लागलं. तुमचा गुडघा कसा आहे? आईंनी सुरू केलेलं तेल लागू पडतंय का? फोन हाताशी असताना जावई चिपळूणला कुरिअरने कागद का पाठवतो, असं तुम्हाला वाटेल. तर नाना, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, शेजारी आई असतात, आणि आईंना कळलेलं सईला कळायला दहा मिनिटं पुरतात. म्हणून हे पत्र एकट्याने वाचावं (शक्यतो गच्चीवर, गुडघ्याची क्षमा मागतो).

निवृत्त होताना तुम्ही मुलगी आणि ट्रक तोलायच्या वजनकाट्याचा प्रोग्राम, दोन्ही माझ्या हवाली केलंत. मुलीबद्दल तक्रार नाही (हे वाक्य आईंना वाचून दाखवलं तरी चालेल). प्रोग्रामने मात्र माझा जीव काढला आहे. रबाळ्याच्या ऑफिसात एक स्वल्पविराम बदलला तरी बिल्ड व्हायला, म्हणजे लिहिलेलं सगळं मशीनच्या भाषेत नव्याने बांधून व्हायला, बावन्न मिनिटं लागत. तेवढ्यात राजलक्ष्मी मॅडम गवार निवडत आणि निखिल खाली जाऊन बाईक धुऊन येई. कारण शोधलं तर निघाली तुमची 'सगळे' नावाची एक फाइल. बाकी तीनशे फायली तिला धरून बसलेल्या. तिला बोट लावलं की सगळ्यांची पहिल्यापासून उजळणी. आत काय, तर फ्लॉपीवर नक्कल काढायची सोय, २००४ सालच्या दिवाळीच्या शुभेच्छा आणि संकष्टीचा चंद्रोदय! नाना, काट्यावर आलेल्या ट्रकला चंद्रोदय कशाला लागतो? (निखिल म्हणतो, ड्रायव्हरला उपास असू शकतो. निखिल अशीच मदत करतो.) ती फाइल फोडून मी चाळीस ठिकाणी वाटली आणि बिल्ड सहा मिनिटांवर आणला. कोणी पाठ थोपटली? राजलक्ष्मी मॅडम म्हणाल्या, "केयूर, तुझ्यामुळे आता गवार घरी निवडावी लागते," आणि दोन दिवस बोलल्या नाहीत.

हेही सोसलं असतं. पण उरणच्या कंटेनर यार्डाचं दुखणं निराळंच. तिथे काट्यावर बसणारा ज्योतिबा, मूळचा साताऱ्याकडचा, अतिशय सोशिक माणूस. त्यालाही प्रोग्रामने रडवलं आहे. सकाळी प्रोग्राम टुणटुणीत असतो आणि दुपारी तीनला कॉम्प्युटरची सगळी मेमरी गिळून ढिम्म बसतो. की ज्योतिबाचा फोन: "सायेब, पुन्यांदा बसलं बघा तुमचं. गाड्यांची रांग पार रस्त्याला लागलीया, डायवर लोक माझ्या अंगावर यायला लागल्यात." इतकी वर्षं हे कोणाला कळलं नाही, कारण एक वाजता काटा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करून लोक जेवत, परत चालू केलं की मेमरी कोरी. गेल्या महिन्यापासून यार्ड जेवणाच्या वेळेतही चालू राहू लागलं आणि बिंग फुटलं. आता त्यांनी बजावलंय, शनिवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर दुसऱ्याचा प्रोग्राम बसवतो. उरण गेलं तर मीही गेलो, असं आमच्या वरिष्ठ गीतांजली मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून, चहा देऊन सांगितलं. त्यांनी चहा देऊन सांगितलेल्या गोष्टी खऱ्या होतात.

मग तीन दिवस मी उरणला त्या पत्र्याच्या केबिनमध्ये घाम पुसत बसलो आणि कुठली गाडी किती मेमरी घेते, जाताना किती परत देते, ते मोजलं. कोणीच काही परत देत नव्हतं! सकाळी सातला गेलेला ट्रक एव्हाना पनवेलच्या पुढे कुठेतरी चहा पीत असेल, तुमच्या प्रोग्राममध्ये तो अजून काट्यावर उभा. जागा मोकळी करणारी ओळ तुम्ही लिहिली होतीत, पण ती बंद करून ठेवलेली, आणि वर शेरा: 'ही ओळ उघडू नये. कारण निळ्या वहीत. — ना.' सईकडून विचारलं तर तुमचं उत्तर आलं, वही तिथेच आहे, माळ्यावरच्या माझ्या खोक्यात. जावईबापूंना म्हणावं, काढून बघा.

नाना, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. काम झालेली वस्तू न सोडणं हा प्रोग्रामचा नव्हे, तुमचा स्वभाव आहे. आमच्या बाथरूमवरच्या माळ्यात तुम्ही ठेवून गेलेलं खोकं असल्यामुळे माझी प्रवासाची बॅग दोन वर्षं पलंगाखाली लोळली आणि माझ्याच पायात आली. 'लागेल कधीतरी' ऐकून माझे कान किटले आहेत. असो. आईंना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला,
केयूर

ता. क. बॅग आता माळ्यावर नीट मावते. दिवाळीच्या साफसफाईत ते खोकं मी घणसोली गावातल्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. सईला वाटतं, ते बॅगेच्या मागे आहे. गावठाणातली चारही भंगाराची दुकानं मी पालथी घातली. वही केव्हाच लगद्यात गेली. तेव्हा ती ओळ का उघडायची नाही, ते आठवून कळवावं. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर. घरी अजिबात नको.

आणखी एक ता. क. हेही आधीच लिहायला हवं होतं, पण हात धजला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तुम्ही मला शिकवलं होतंत की, नको ते धरून ठेवलं तर प्रोग्राम मंदावतो आणि हवं ते सोडून दिलं तर कोसळतो. (माझं लक्ष लाडवाकडे होतं.) काल धीर धरवेना म्हणून मी ती ओळ उघडली. साडेतीन वाजले तरी प्रोग्राम टुणटुणीत! ज्योतिबाने मला आपल्या डब्यातली भाकरी दिली. चार वाजता सकाळचा एक ड्रायव्हर पावती हरवली म्हणून दुसरी प्रत मागायला आला. त्याच्यासाठी तुम्ही जपलेली नोंद मी टाकून दिलेली. प्रोग्राम जागच्या जागी आडवा झाला. म्हणजे आजवर मी तुमच्या दोनच गोष्टी टाकल्या, आणि दोन्ही वापरात होत्या. चुकलं माझं, नाना. वहीत एवढंच कारण होतं की आणखी काही? शनिवारच्या आत कळवा. गुडघा परवानगी देत असेल तर स्वतःच या, तुमच्या सामानासाठी माळ्यावरची बॅग मी काढून ठेवतो. तोवर ती ओळ परत बंद केली आहे आणि तुमच्या शेऱ्याखाली लिहिलं आहे: 'खरंच उघडू नये. कारण नानांना ठाऊक. — के.'