कराची पडल्याचे पेढे

फुजैरा बंदर, १२ एप्रिल २०२५

ती. आजोबांस तेजलचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि ही गोष्ट मला ओरडून सांगता येणार नाही. म्हणून पत्राचा फोटो आईला पाठवतेय, ती छापून देईल.

मला लग्न करायचंय. मुलगा आमच्याच जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. डेकवरची माझी पहाऱ्याची पाळी संपली की जहाज त्याच्या ताब्यात देऊन मी निर्धास्त झोपते. नाव झुबैर. घर कराचीत, बंदराला लागून. घरी एकटी आई. आता चष्मा काढून ठेवलात ना? ठेवा, पण पत्र फाडू नका. तुमच्या होकाराशिवाय मी पाऊल टाकणार नाही.

रागावलात तरी लोभ असू द्या.
तुमची तेजल


नाशिक रोड, २६ एप्रिल

चि. तेजल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही, दोनदा वाचलं. एकाहत्तरच्या लढाईत मी नौदलात होतो, हे तुला पाठ आहे. कराची पेटली तेव्हा आम्ही डेकवर नाचलो. पुढे माझ्या दोस्ताचं, घोटीच्या मल्हारीचं जहाज त्यांनी बुडवलं, त्यात तो गेला. त्याच्या आईला सांगायला मीच गेलो होतो. त्या गावचा जावई मी करू? त्यात परवा काश्मीरात काय झालं तेही तू ऐकलंच असशील. मुलगा वाईट असेल असं म्हणत नाही, पण माझा नकार आहे.

वेळेवर जेवत जा. माया कमी झालेली नाही.
तुझा आजोबा


भर समुद्रातून, ८ मे

ती. आजोबांस सविनय जयभीम. वि. वि.

इकडे लढाईची बातमी आली आणि कॅप्टनने भारतीयांची आणि पाकिस्तान्यांची जेवणं वेगळी केली. कोलंबोला झुबैरला उतरवून घरी पाठवणार आहेत. जीव थाऱ्यावर नाही, नुसत्या येरझाऱ्या घालते. काल पाळी बदलताना त्याने विचारलं, तुझे आजोबा ठीक आहेत ना. मलाही त्याच्या आईचं विचारायचं होतं. पण कॅप्टन शेजारीच उभा होता, माझी जीभ उचलली नाही. फार लाज वाटते.

तब्येतीला जपा.
तेजल


नाशिक रोड, ९ मे

चि. तेजल हिस अनेक आशीर्वाद.

सकाळीच शेजारचा गोटीराम पेढे घेऊन आला. टीव्हीवर म्हणे कराची बंदर बेचिराख झालं. जुना नौसैनिक म्हणून पहिला पेढा मला. हे टीव्हीवाले राईचा पर्वत करतात, खरं-खोटं अजून कळत नाही. पण पेढा काही गिळवेना. बंदराला लागून घर, असं तू लिहिलं होतंस, तेच डोळ्यांपुढे. शेवटी मोरीत जाऊन थुंकलो. मल्हारीच्या आईचं तोंड मी पाहिलेलं आहे, पोरी.

तुझी जीभ उचलत नसेल तर माझ्या नावाने विचार, आणि कॅप्टनसमोर विचार. म्हणावं, आजोबांनी विचारलंय, आई सुखरूप आहे का. ती सुखरूप असेल तर लग्नाची बोलणी मी स्वतः तिच्याशी करीन. आणि नसेल, तर त्याला घर उरलं नाही. त्याला इकडे घेऊन ये.

उत्तराची वाट पाहतोय, लवकर लिही.
तुझा आजोबा