खुंटीवरचा मग

५ फेब्रु. १९५९, गुरु. र्युसेल्सहाइम, जर्मनी
आज खुंटी मिळाली! गास्टहाउसात (गावची बिअरची खानावळ) स्काटच्या पत्त्यांच्या टेबलामागे भिंतीवर बिअरच्या मगांच्या खुंट्या आहेत, टीममधल्या प्रत्येकाची एक. माझ्या मगावर 'देशपांडे' रंगवलंय, त्यात दोन चुका. असू दे. हाइनकाका (काका फक्त या वहीत, कारखान्यातले निवृत्त टर्नर, आमचे कॅप्टन) म्हणाले, "आजपासून मला तू म्हण." अकरा महिन्यांत या गावात असं कोणी म्हटलं नव्हतं. खोलीवर येऊन रडलो. सत्तावीस वर्षांचा घोडा!

८ फेब्रु., रवि.
खुंटी आधी विलीची होती. तो हिवाळ्याच्या तोंडावर वारला. त्याचा मग काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः त्याच्या बायकोला नेऊन दिला. इथली रीतच ती. टेबलावरून माणूस गेला की त्याचा मग घरपोच.
बाकीच्यांना त्या जागी मी नको होतो. काका अडून बसले म्हणून मिळाली.

१२ फेब्रु., गुरु.
स्काट म्हणजे तिघांचा डाव. एकजण बोली लावून हुकूम ठरवतो, उरलेले दोघे मिळून त्याला पाडतात. इथेही दस्सीला मोठा भाव. आमच्या मेंढीकोटासारखंच, म्हणून हात बसला. फक्त गुलामांचं लचांड. चारही गुलाम कायम हुकूमच, मग रंग कुठलाही असो. आज दोनदा चुकलो. काका टेबलावर बोट आपटत, "बाउअर हुकूम!" बाउअर म्हणजे गुलाम. "नोंद कर." केली. ही काय, केली.

१९ फेब्रु., गुरु.
पुढच्या गुरुवारी लीगची शेवटची मॅच, नावाड्यांच्या क्लबशी. जिंकलो तर वरच्या गटात. काका बारा वर्षं याची वाट बघतायत. आज दोनदा म्हणाले, "हो हो, जमेल." स्वतःलाच सांगत होते बहुतेक.
आईला पत्र अर्धं. काय लिहू, पत्ते खेळतो म्हणून?

२६ फेब्रु., गुरु.
संपलं.
प्रत्येक टेबलावर दोन आमचे, दोन त्यांचे. वाटणारा बाहेर बसतो. गुण बरोबरीत, शेवटचा डाव. त्यांचा टकल्या एकटा, मी नि काका त्याच्यावर. बदाम हुकूम. टकल्याने बदाम टाकला, काकांनी त्यावर एक्का. हात आपला! माझ्याकडे बदाम नाही, मग काय, मेंढीकोटातल्यासारखी चौकट दस्सी आनंदाने काकांना वाहिली. पुढे किलवर आलं तेव्हा ऐटीत किलवर गुलाम खाली टाकला.
टकल्याने हात आडवा धरला. "हाल्ट."
गुलाम हुकूम होता. बदामावर तोच टाकायला हवा होता. हुकूम हातात असून दिला नाही, म्हणजे डाव सरळ त्यांचा. मॅचही.
काकांनी पत्ते गोळा केले, नीट, कडा जुळवून. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं तर. तुम्ही दमला असाल. घरी जा."
तुम्ही.

२७ फेब्रु., शुक्र.
कारखान्यात सगळ्यांना कळलंय. कॅन्टीनमध्ये समोरची खुर्ची रिकामी. पूर्वीही असायचीच, पण आज...
गाढवा, एक पत्ता!

५ मार्च, गुरु.
गेलो नाही. साडेसहाला कोट घातला, सातला काढला. काका बोलवायला येतील असं वाटलं होतं. कोणी आलं नाही. वरच्या गटाचं काय, जाऊ दे; मला ते टेबल हवंय. तिथेच फक्त मी कोणाला तरी लागत होतो.

९ मार्च, सोम.
काका रस्त्यात समोरून आले. मीच बेकरीत शिरलो. नको असलेला पाव घेऊन बाहेर पडलो. भेकड.

१० मार्च, मंगळ.
कामावरून आलो तर घरमालकीण फ्राउ क्नोल जिन्यात. "हेर हाइन आले होते. हातात पुडकं होतं, वर्तमानपत्रात बांधलेलं. म्हटलं ठेवून जा, तर नको म्हणाले, त्याच्याच हातात द्यायचंय. गुरुवारी सातला परत येतो म्हणाले."
विचारलं, केवढं होतं? तिने दोन्ही हातांनी दाखवलं. मगाएवढं. पावाएवढंही म्हणता येईल. सातला तर तिकडे डाव सुरू होतो. डाव सोडून माणूस कशाला येईल? न्यायला येणार असतील? मग पुडकं कसलं?
मी घरी नसलो तर त्यांना देता येणार नाही. तेव्हा गुरुवारी सातला घरी थांबायचं नाही, हे ठरलं.
पण गुरुवारी सातला मी जायचं तरी कुठे?