ठकूबाईच्या चुलीचा पाइप

१२ फेब्रु. १९९६
न सांगता वाडीत गेले. तपासणीला साहेब सोबत असले की मी बसवलेली प्रत्येक बिनधुराची चूल पेटलेली. आज एकाही पाइपातून धूर नाही! ठकूबाईचा पाइप तर कोंबड्यांच्या खुराड्यावर आडवा. दिवाळीत बसवलेला. चिडले. "चालू हाय की," म्हणते नि हसते. सून मंदा पोटुशी, खोकून खोकून बेजार, तरी धुरातच भाकऱ्या थापते. मग पाइप काढलाच का? कुणी धड बोलेल तर शपथ.

१५ फेब्रु.
पुन्हा गेले. भांडायचं नाही, नुसतं बघायचं. मंदाला उठवून स्वतः चुलीपुढे बसले, डोळ्यांची वाट लागली. डोक्यावर काहीतरी भुरभुरलं. वर बघते तर माळ्याला भाताच्या लोंब्यांच्या जुड्या, पेरायचं बी. हात लावला, किडीची बारीक पाखरं उडाली.
ठकूबाई: "तुझा पाइप व्हता तवा लागली. धुराबिगर बी टिकत नाय, बाय. खोकला काय, उद्याबी हाय. बी गेलं तर साल गेलं."
अगं बाई! इतके महिने चूल शिकवतोय, वर कुणी बघितलंच नाही. मीसुद्धा.

२ मार्च
माझ्या गावाहून, निमगावहून, पिशवीभर कडुलिंबाचा पाला नेला. एसटीत सगळे हसले. चांगलं राहिलेलं बी वाळवलं, राख नि पाला घालून मडक्यात भरलं, तोंड शेणानं लिंपलं. आई बाजरी अशीच ठेवते. भाताचं मला काय ठाऊक? तरी बोलून बसले, बिघडलं तर माझ्या घरचं बी देईन.
ठकूबाई: "तुझी बाजरी आमच्या डोंगरात कोण इचारतंय?"
पण सगळंच्या सगळं बी दिलं तिनं, मूठभरसुद्धा मागे ठेवलं नाही. पाइप बसवला.

२९ मे
मडकं उघडलं. पाखरू एकही नाही. ठकूबाईनं दाणा चावून बघितला. मग राबात, पालापाचोळा भाजलेल्या तुकड्यात, बी फेकलं, रोपं तिथंच होणार. झाली तर.

१४ जून
परत न सांगता. पाइपातून धूर! पाऊस होऊन चार दिवस झाले, राबात हिरवं काही नाही. मंदा तान्ह्याला घेऊन दारात.
"आत्याबाई म्हनल्या, कोंब नाय आला तर पाइप वढ्यात टाकीन."
एवढं बोलली, पण एकदाही खोकली नाही. राबाशी जाऊन बसले. बोटानं माती उकरून बघावीशी लई वाटली. नाही उकरली.